डाव्या पंखातला दीड अंश: एका रेडिओ-नियंत्रित स्पिटफायरच्या पंखजोडणीचं प्रकरण

हे प्रकरण दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या, १/७ मापाच्या एका मॉडेलचं आहे. पंख जोडायच्या दिवशी, इपॉक्सी (दोन भाग मिसळून होणारा पक्का गोंद) कालवण्याआधी पंखाचे दोन्ही अर्धे नुसते एकमेकांना टेकवून पाहिले आणि डावं टोक उजव्यासारखं दिसेना. तिथून पहिल्या उड्डाणापर्यंत पाच आठवडे गेले. त्या काळात जे निर्णय झाले, त्यातला एक मी चुकीचा दिला होता. तोही जसा घडला तसा इथे मांडला आहे. बांधणाऱ्यांना मी काका म्हणतो, म्हणून इथेही काका. त्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पार्श्वभूमी

काकांची सारी नोकरी टूलरूममध्ये झाली. ब्लेडची धार जरा बोथट वाटली की ते ब्लेड फेकतात, आणि बाल्साची (मॉडेलसाठीच्या हलक्या लाकडाची) प्रत्येक रिब, म्हणजे पंखाची आडवी फासळी, सँडिंग करण्याआधी जोडीदार रिबवर ठेवून उजेडासमोर धरतात. हाताच्या सफाईचा प्रश्न या प्रकरणात कुठेच नव्हता. हे आधी सांगतो, कारण पंखात पीळ राहिला म्हटलं की लोक आधी कारागिराच्या हाताकडे बघतात.

याआधी त्यांनी एक ट्रेनर आणि दोन स्पोर्ट मॉडेल्स बांधली होती. तिन्हींचे पंख खालून सपाट आणि मुळापासून टोकापर्यंत एकाच रुंदीचे. असा पंख सपाट बोर्डवर प्लॅन अंथरून बांधला की त्याला सरळ ठेवायचं काम बोर्डच करतो. स्पिटफायरच्या पंखाला खालून सपाट असा भागच नाही. प्रत्येक रिबच्या पोटाला एक छोटी टॅब असते आणि पंख या टॅबांवर बोर्डापासून वर तरंगता ठेवून बांधला जातो. टॅबांची उंची मुळापासून टोकाकडे अशी बदलत जाते की टोकाशी मागची कड थोडी वर राहते. हाच वॉशआउट.

मूळ विमानात हा वॉशआउट अडीच अंशांचा होता. पंखाच्या मुळाशी अधिक २ अंश आणि टोकाशी उणे अर्धा अंश. त्यामुळे वेग कमी होत गेला की पंखाचं मूळ आधी स्टॉल व्हायचं, म्हणजे तिथली उचल कोसळायची, विमान थरथरून वैमानिकाला सावध करायचं, आणि टोकाकडचे एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या मागच्या कडेच्या झडपा) तोपर्यंत कामात राहायचे. लंबवर्तुळाकार पंखाचं देखणेपण सगळ्यांना माहीत असतं. त्या पंखाला वागायला लावणारा हा पीळ मात्र फोटोत दिसत नाही, आणि म्हणून बांधणाऱ्याच्या डोक्यातही तो शेवटी येतो.

मॉडेलला त्याची गरज मूळ विमानापेक्षा जास्त असते. काकांच्या मॉडेलचा पंखविस्तार १६०० मिलिमीटर, मुळाशी कॉर्ड, म्हणजे पंखाची पुढून मागे रुंदी, ३६० मिलिमीटर, शेवटच्या रिबशी जेमतेम ११०. उड्डाणाचं वजन ३.९ किलो धरलं होतं आणि पंखाचं क्षेत्रफळ सुमारे ४६ चौरस डेसिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ८५ ग्रॅम. यावरून स्टॉलचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास येतो. त्या वेगाला मुळाशी रेनॉल्ड्स संख्या (वेग आणि आकारावरून हवेच्या प्रवाहाचं वागणं सांगणारा आकडा) पावणेतीन लाखांच्या जवळ असते आणि शेवटच्या रिबशी ८५ हजारांच्या आसपास. इतक्या कमी आकड्याला हवा पंखाच्या पाठीवरून फार लवकर सुटते. म्हणजे मॉडेलचं टोक मुळापेक्षा आधी हार मानायला मुळातच तयार असतं, आणि वॉशआउट तेवढा त्याला आवरून धरतो.

अडचण

दोन्ही अर्धे पूर्ण शीटिंग केलेले होते. वर आणि खाली, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत बाल्साची शीट. फक्त मुळाशी जोड बाकी. काकांनी प्लायवुडचे ब्रेस (दोन अर्धे सांधणाऱ्या पट्ट्या) खाचांत सरकवले, दोन्ही मुळं एकमेकांना भिडवली, दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीचे ठोकळे दिले आणि मागून, मागच्या कडेच्या रेषेत डोळा लावला. उजवीकडे कड टोकाकडे हळूच वर उचलली जात होती. डावीकडे ती जवळपास सरळ धावत होती.

मग त्यांनी मोजलं. कॉर्ड १७० मिलिमीटर आहे अशी दोन्हीकडची सारखीच रिब धरली, तर डावी मागची कड उजवीपेक्षा साडेचार मिलिमीटर खाली. अंशांत दीड. अँगल गेज उजवीकडे अडीच दाखवत होता आणि डावीकडे एक. गेज उलटा फिरवून पुन्हा वाचन घेतलं, बोर्डची पातळी तपासली, दोन ठोकळ्यांची अदलाबदल केली. आकडा हलला नाही.

असं का झालं, ते काकांना पाच मिनिटांत आठवलं. उजवा पंख आधी बांधला होता आणि तो सगळाच्या सगळा बोर्डवर, टॅबांवर उभा असताना बंद केला होता. डाव्याच्या वेळी एलेरॉन हलवणाऱ्या छोट्या मोटरची, म्हणजे सर्व्होची, वायर आणि रिट्रॅक्टची (चाकं आत घेणाऱ्या यंत्रणेची) हवेची नळी आत ओवायची राहिली होती. उजव्यात त्या ओवताना त्रास झाला होता, म्हणून या वेळी त्यांनी सांगाडा वरची शीट लावण्याआधी बोर्डवरून उचलला, वायर आणि नळी निवांत ओवली, खालच्या टॅबा आता कशाला म्हणून कापून टाकल्या आणि वरची शीट टेबलावर स्पंजचे तुकडे ठेवून चिकटवली. स्पंज सगळीकडे सारख्या जाडीचा. त्याने पंखाला जसा आधार दिला तसाच पंख कायमचा झाला.

वरची शीट चिकटेपर्यंत पंख एका अर्थाने अजून बांधायचाच असतो. हे हाताला पटवायचं तर एक कागद गुंडाळून नळी करावी आणि तिची शिवण मोकळी ठेवावी. दोन बोटांनी ती सहज पिळता येते. मग शिवण चिकटवून पुन्हा पिळून पाहावी. नळी चुरगळेल, पण पिळली जाणार नाही. मूळ स्पिटफायरच्या रचनेतही हेच तत्त्व होतं: एकच मुख्य स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारा कणा) आणि त्याच्या पुढे जाड पत्र्याची, इंग्रजी डी अक्षरासारखी बंद पेटी. पिळाचा सारा भार ती पेटी घ्यायची. काकांच्या डाव्या पंखातल्या पेट्याही पक्क्या झाल्या होत्या. फक्त चुकीच्या आकारात.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी काकांचा फोन आला. "अरे, दीड अंशच तर आहे. एलेरॉनच्या ट्रिममध्ये जाईल ना?"

मी म्हणालो, "जाईल काका. चार-पाच क्लिक लागतील फार तर."

हे उत्तर अर्धं बरोबर होतं आणि म्हणूनच जास्त वाईट होतं. उडत्या वेगाला ट्रिम, म्हणजे ट्रान्समीटरवरून एलेरॉनला दिलेली कायमची छोटी दुरुस्ती, खरंच पुरतो. पिळामुळे येणारा कल आणि एलेरॉनमुळे येणारी दुरुस्ती, दोन्ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. म्हणून एकदा जुळवलेला ट्रिम हळू आणि जलद, दोन्ही उड्डाणांत बऱ्यापैकी जुळलेला राहतो. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी स्पोर्ट मॉडेल्सना मी असंच सरळ केलं होतं, आणि त्या अनुभवावर मी बोलून गेलो.

फोन स्पीकरवर होता. काकांची पुतणी बांधकामात त्यांना मदत करते, ती तिथेच होती. तिने विचारलं, "पण दादा, स्टॉलला काय होईल?"

मला थांबून विचार करावा लागला. डाव्या टोकाला वॉशआउट कमी, म्हणजे तिथला आपाती कोन (हवेशी पंखाचा कोन) जास्त. सरळ उड्डाणात डावा पंख जास्त उचलणार आणि विमान उजवीकडे कलणार. स्टॉलला मात्र तेच डावं टोक आधी सुटणार आणि विमान डावीकडे कोसळणार. म्हणजे पायलट सगळं उड्डाण ज्या बाजूची काळजी करत घालवेल, धोका त्याच्या विरुद्ध बाजूला दबा धरून बसलेला. त्यात ट्रिमसाठी उजवा एलेरॉन कायमचा थोडा खाली राहणार. खाली गेलेला एलेरॉन आपल्या पंखाच्या टोकाला स्टॉलच्या जवळ नेतो. मग कोणता पंख आधी पडेल, हे कागदावर सांगणंही अवघड. दोन्ही एकदम पडणार नाहीत, एवढंच नक्की. आणि हे सारं घडणार ते उतरतानाच्या शेवटच्या वळणात, चाकं बाहेर, फ्लॅप (उतरताना उचल वाढवणाऱ्या झडपा) खाली, उंची पंधरा-वीस मीटर. पडणारा पंख उचलायला हात आपोआप एलेरॉन देतो, आणि नेमका तो एलेरॉन पडणाऱ्या पंखाला आणखी खोल स्टॉलमध्ये ढकलतो.

मी तिला म्हणालो, "तुझं बरोबर आहे. काका, आज जोडू नका."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बोर्डाभोवती बसलो. ट्रिमचा पर्याय बाद झालेला होता.

काकांच्या मनात दुसरा पर्याय होता: फरक मुळाशीच वाटून घ्यायचा. डावा पंख जोडतानाच मुळाशी पाऊण अंश फिरवला तर सरासरीत दोन्ही बाजूंची उचल जवळ येईल. सरासरीत हे खरंही आहे. पण ३६० मिलिमीटरच्या कॉर्डवर पाऊण अंश म्हणजे मागच्या कडेला जवळजवळ पावणेपाच मिलिमीटरची पायरी. पंख विमानाच्या पोटाखालच्या खोबणीत बसेना. रिट्रॅक्टचा माउंट पंखातच असल्यामुळे डावं चाकही त्या कोनात फिरलं असतं. आणि स्टॉलचा प्रश्न सुटला नसताच, फक्त टोकावरून थोडा मुळाकडे सरकला असता. ती पायरी फिलर भरून, घासून लपवता आली असती हे काकांना माहीत होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं आणि स्वतःच पर्याय खोडला.

तिसरा पर्याय वाफेचा. उघड्या रिबांच्या, फक्त फिल्मने मढवलेल्या पंखाला पीळ देऊन फिल्मवर इस्त्री फिरवली की तो बऱ्यापैकी टिकतो. पूर्ण शीटिंगच्या पंखाला वाफ देऊन, वजनं ठेवून वाळवला तर काही दिवस तो ऐकल्यासारखा वागतो. मग हवेतला ओलावा बदलला की मूळ पदावर येतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे बाल्साच्या बंद पेटीला अक्षरशः लागू पडतं. मी असा एक पंख महिनाभरात परत फिरलेला पाहिला आहे, म्हणून या पर्यायावर आम्ही फार वेळ घालवला नाही.

उरले दोन. डावा पंख पुन्हा नव्याने बांधायचा, किंवा याच पंखाच्या पेट्या उघडून, पीळ देऊन परत बंद करायच्या.

निर्णय

इथे आमच्यात मतभेद होता आणि तो शेवटपर्यंत मिटला असं म्हणवत नाही. काकांचा कल नव्या पंखाकडे होता. डागडुजी केलेला भाग मशीनवर चढवायचा नाही, ही त्यांची आयुष्यभराची सवय. माझं म्हणणं होतं की स्पार, वेब (स्पारच्या दोन पट्ट्यांमधली भिंत), मुळाचे ब्रेस आणि रिट्रॅक्टचे माउंट हे सगळं बिनचूक आहे. चूक फक्त शीटच्या दोन शिवणींत अडकलेली आहे, तर तेवढंच उघडावं. आणि उघडून जमलं नाहीच तर नवा पंख बांधायचा रस्ता मोकळाच राहतो. नवा पंख सुरू केल्यावर मात्र जुना दुरुस्त करायला कोणी परत जात नाही.

पुतणीने हिशेब मांडला आणि त्यानेच पारडं झुकलं. चाकाच्या खाचेच्या पुढे टोकापर्यंत शीटला लांबीच्या दिशेने दोन फटी पाडल्या, एक स्पारच्या पुढे आणि एक मागे, तर दोन्ही पेट्या उघड्या होतात. मग दीड अंश पीळ द्यायला फटीच्या दोन कडा एकमेकींशेजारून किती सरकायला हव्यात? पेटीच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ आणि पिळाचा दर यांच्या गुणाकाराची दुप्पट. उत्तर आलं पाव ते अर्धा मिलिमीटर. एवढं सरकणं रिबा स्वतः किंचित वाकून सहन करू शकतात. कुठलीही रिब शीटपासून सोडवायची गरज नव्हती.

काका कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. "पाव मिलिमीटरने एवढं सगळं अडवून धरलंय?" एवढंच म्हणाले आणि रेझर सॉ शोधायला उठले.

केलेली कामं

फटी पाडण्याआधी आम्ही फटीच्या रेषेला आडव्या, दर पाच सेंटिमीटरवर बारीक टोकाच्या पेन्सिलने रेघा मारल्या. पाडली ती फट ४८० मिलिमीटर लांब आणि ब्लेडच्या जाडीएवढीच रुंद. ब्लेड खोल जाऊ नये म्हणून त्यावर मास्किंग टेपचा थांबा लावला होता. तरीही दोन रिबांच्या डोक्यावर चरे पडले, ते पातळ सीएने (झटपट गोंदाने) लगेच बंद केले.

मग नवा पाळणा. कापून टाकलेल्या टॅबांची मापं प्लॅनवर होतीच. काकांनी ती प्लायवुडवर उतरवून तीन रिबांखाली बसणारे आधार केले आणि इथे त्यांचं टूलरूम उपयोगी पडलं. पीळ सोडला की पंख थोडा परत फिरणार, हे त्यांनी धरलं आणि आधार अडीचऐवजी २.८ अंशांना कापले. डावा पंख त्यावर ठेवून वाळूच्या छोट्या पिशव्या पसरल्या. वजनाचे लोखंडी तुकडे मुद्दाम टाळले, कारण ते एका जागी शीट दाबतात.

पिशव्या ठेवल्यावर पुतणीने भिंग लावून पेन्सिलच्या रेघा पाहिल्या. फटीवरून जाणारी प्रत्येक रेघ तुटली होती. चाकाच्या खाचेजवळ अगदी केसभर, आणि टोकाकडे जाताना स्पष्ट. अख्ख्या कामात मला सगळ्यात समाधान देणारा क्षण तो होता, कारण पंख खरोखर पिळला गेलाय याचा पुरावा गेजवर येण्याआधी लाकडावर आला होता.

फट बंद करायला कोणता गोंद, हा छोटा वाटणारा पण महत्त्वाचा निर्णय होता. पातळ सीए फटीत सोडला की क्षणात झिरपतो आणि काम संपतं. पण त्याच क्षणी पंख जसा असेल तसा गोठतो, तपासायला सवड राहत नाही. आम्ही बाल्साच्या अरुंद पट्ट्या फटींत बसतील अशा तिरक्या कापल्या आणि साधा पांढरा लाकडाचा गोंद वापरला. गोंद ओला असताना तिन्ही रिबांवर गेज ठेवून पाहिला, एका आधाराखाली कागदाची घडी सरकवली आणि पुन्हा पाहिलं. चोवीस तास कोणी हात लावला नाही.

पिशव्या काढल्यावर पंख २.४ अंशांवर थांबला. उजवा अडीच. गेजच दशांश अंशापर्यंत वाचतो, तेव्हा याहून जास्त जुळवाजुळव करण्यात अर्थ नव्हता. एलेरॉन अजून पंखातून कापून वेगळे केलेले नव्हते, त्यामुळे तेही नव्या पिळाप्रमाणेच कापले गेले. ते आधीच कापलेले असते तर हे काम दुप्पट झालं असतं.

आता मुळाचा जोड. इथे किती जोर येतो याची कल्पना नसेल तर माणूस पाच मिनिटांच्या इपॉक्सीवर समाधान मानतो. ३.९ किलोचं मॉडेल डाइव्हमधून ६ जीने (वजनाच्या सहापट भाराने) वर ओढलं तर पंखांवर साडेतेवीस किलोंचा भार येतो, प्रत्येक बाजूला पावणेबारा. लंबवर्तुळाकार पंखात तो भार मुळापासून साधारण ३४ सेंटिमीटरवर एकवटल्यासारखा वागतो. मुळाशी स्पारच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत चार सेंटिमीटरचं अंतर आहे. हिशेब केला तर प्रत्येक पट्टीवर जवळजवळ शंभर किलोंचा जोर येतो, वर दाब आणि खाली ताण. तो सगळा प्लायवुडच्या ब्रेसमधून आणि त्याभोवतीच्या गोंदातून पलीकडे जायचा असतो.

म्हणून तीस मिनिटांचं इपॉक्सी. ब्रेसला आणि खाचेच्या आतल्या भिंतींना, दोन्हीकडे लावलेलं. एकाच बाजूला लावलं तर सरकवताना ते पुसलं जातं. मुळांच्या रिबांवरही पातळ थर. डायहेड्रल (पंख वर उचलल्याचा कोन) दोन्ही बाजूंना सहा-सहा अंश, मूळ विमानासारखाच. मुळापासून ७०० मिलिमीटरवरच्या रिबेखाली दोन्हीकडे ७३ मिलिमीटरचे ठोकळे. एक पंख सपाट ठेवून दुसरा बारा अंश उचलायची पद्धतही चालते. पण मग दोन पंखांचे आधार वेगळे होतात, आणि या पंखाच्या बाबतीत आम्हाला कुठलाच फरक नको होता. जोडातून बाहेर आलेलं इपॉक्सी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसलं. तीस मिनिटांतली पहिली पंधरा मिनिटं फक्त मोजण्यात गेली: दोन्ही मुळांशी इन्सिडन्स (पंख बसवल्याचा कोन), दोन्ही टोकांशी वॉशआउट, पुढच्या कडेची सरळ रेषा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी जोडाभोवती काचकापडाची रुंद पट्टी लॅमिनेटिंग इपॉक्सीत बसवली. आणखी दोन दिवसांनी पंख मुळापासून ३४ सेंटिमीटरवर दोन्हीकडे उशा देऊन टेकवला आणि मधोमध हळूहळू १५ किलो वजन ठेवलं. जवळपास ४ जी. बारीकसा टक् आवाज जरी आला असता तरी आम्ही थांबणार होतो. आला नाही.

बाकीचं नेहमीचं. पंख बोल्ट केल्यावर शेपटीच्या टोकापासून दोन्ही पंखटोकांपर्यंत दोरा धरून अंतर सारखं आहे का पाहिलं. डाव्या पंखात वाढलेल्या १४ ग्रॅमसाठी उजव्या टोकात ८ ग्रॅम शिसं घातलं. गुरुत्वमध्य प्लॅनप्रमाणे.

परिणाम

पहिल्या उड्डाणाला काकांनी ट्रान्समीटर माझ्या हातात दिला. उंचीवर गेल्यावर एलेरॉन ट्रिमचे दोन क्लिक लागले. शंभर मीटरवर, चाकं आत, फ्लॅप वर, थ्रॉटल काढून एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) हळूहळू ओढत गेलो. वेग संपला, नाक क्षणभर रेंगाळलं आणि सरळ खाली गेलं. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा सरळ.

फ्लॅप खाली करून केलं तेव्हा चित्र बदललं. तीनपैकी दोन वेळा डावा पंख खाली गेला. माझ्या पोटात गोळा आला, कारण हे अगदी तेच होतं ज्याची भीती होती. मी फ्लॅप वर घेऊन, वेग राखून उतरवलं. जमिनीवर गेज लावला तर पंखाचा वॉशआउट जसाच्या तसा होता. डावा फ्लॅप मात्र उजव्यापेक्षा तीन अंश कमी उघडत होता. सर्व्होच्या आर्मवर पुशरॉड (सर्व्हो आणि फ्लॅप जोडणारी काडी) वेगळ्या भोकात बसला होता. सगळं लक्ष पिळाकडे लागलेलं असताना फ्लॅपचा प्रवास आम्ही फक्त नजरेने पाहिला होता, मोजला नव्हता. पुशरॉड बदलून दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टॉल केले. फ्लॅपसकट सरळ.

त्यानंतर काकांनी स्वतः उडवलं. आतापर्यंत चाळीसच्या आसपास उड्डाणं झाली आहेत. रंगाखाली डाव्या पंखावर दोन बारीक रेषा तिरप्या उन्हात दिसतात. काका त्या पुन्हा घासायला तयार नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

वायर आणि नळीसाठी रिबांतून कागदाची गुंडाळी आधीच ओवून ठेवली असती तर सांगाडा बोर्डवरून उचलायचं कारणच उरलं नसतं. ही दहा मिनिटांची तयारी. दुसरं म्हणजे टॅबा. दोन्ही बाजूंची शीट लागून वाळेपर्यंत त्या कापायच्या नाहीत. कापायचा मोह होतो कारण त्या मध्ये येतात, आणि त्या मध्ये येतात कारण त्या आपलं काम करत असतात.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते मोजण्याचं वेळापत्रक. काकांनी पंख मोजला तो जोडायच्या दिवशी. वरची शीट लावण्याआधी, सांगाडा अजून हाताने पिळता येत असताना, दोन्ही अर्धे शेजारी ठेवून एकदा गेज लावला असता तर हे प्रकरण एका वाक्यात संपलं असतं. शक्य असेल तर दोन्ही पंख एकाच वेळी, एक-एक टप्पा जोडीने बांधावेत. एक संपवून दुसरा घेतला की दुसऱ्यात आपण सुधारणा करायला लागतो, आणि डाव्या-उजव्यात फरक शिरतो तो अशाच सुधारणांमधून.

आणि माझ्या बाजूचं. फोनवर, पंख न बघता, ट्रिमने जाईल असं सांगायला नको होतं. सपाट तळाच्या, रुंद टोकाच्या मॉडेलवरचा अनुभव मी निमुळत्या टोकाच्या, जड विमानाला लावला. आता कोणी पिळाबद्दल विचारलं तर मी आधी टोकाची कॉर्ड आणि पंखावरचा भार विचारतो, आकडा मग.

नवा पंख बांधायला हवा होता की नाही, यावर काका अजून ठाम आहेत. दुरुस्तीला नऊ संध्याकाळी गेल्या आणि नवा पंख तीन आठवड्यांचा होता, हे मी त्यांना मोजून दाखवतो. ते डाव्या पंखावरच्या त्या दोन रेषांवर अंगठा फिरवतात.